दडलेला पेट्रोल पंप : तो घरी बदलताना पाळायच्या नियमांमागचा इतिहास

१/२६
मराठीत ‘पेट्रोल पंप’ म्हटले की डोळ्यांसमोर रस्त्याकडेचे इंधन भरण्याचे ठिकाण येते. परंतु पेट्रोलवर चालणाऱ्या आजच्या बहुतेक प्रत्येक गाडीत आणखी एक पेट्रोल पंप असतो. तो टाकीच्या आत, पेट्रोलातच बुडालेला असतो आणि सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. टाकीतले इंधन इंजिनापर्यंत पोहोचवणे एवढेच त्याचे काम. तो बिघडला की गाडी जागच्या जागी थांबते. अनेक हौशी मंडळी तो घरच्या घरी बदलतात. हा धागा त्या दडलेल्या पंपाच्या इतिहासाचा आहे. आणि तो बदलताना जे नियम सांगितले जातात, त्यांच्या इतिहासाचाही.

२/२६
ते नियम वरवर पाहता एखाद्या कर्मकांडासारखे वाटतात. आधी फ्यूज काढा, मग इंजिन चालवून बंद पडू द्या, मग बॅटरीची ऋण तार सोडवा, मग टाकीचे झाकण उघडा. जुनी सील पुन्हा वापरू नका. साधा बल्ब जवळ आणू नका. क्रम पाठ असला तरी कारण ठाऊक नसेल, तर घाईच्या वेळी एखादी पायरी गाळली जाते. आग लागते ती नेमकी तेथे. या प्रत्येक पायरीमागे मोटारीच्या इतिहासातला एखादा तांत्रिक निर्णय आहे. तो समजला की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

३/२६
प्रथम मूळ शत्रूची ओळख. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही; जळते ती त्याची वाफ. सुमारे उणे ४० अंश सेल्सिअसलाही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडते. म्हणजे महाराष्ट्रातल्या कोणत्याही ऋतूत उघडे पेट्रोल हे पेटण्यास तयारच असते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने वर न जाता जमिनीलगत पसरते, उताराने वाहते आणि तळघरात साठते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ती पेटते. त्याहून कमी असेल तर इंधन अपुरे पडते. जास्त असेल तर प्राणवायू अपुरा पडतो. हा शेवटचा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

४/२६
हे ज्ञान मोटारीच्या आधीचे आहे. एकोणिसाव्या शतकात घराघरांत रॉकेलचे दिवे आले. त्या रॉकेलात हलके, अतिज्वालाग्राही अंश मिसळले गेले की दिव्यांचे स्फोट होत. कोणते तेल कितपत धोकादायक हे ठरवण्यासाठी ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक एबल यांनी बंद पात्रातली चाचणी तयार केली आणि १८७९ च्या ब्रिटिश कायद्याने ती स्वीकारली. भारताच्या १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमातही वर्गीकरण ज्वलनबिंदूवरच आधारलेले आहे. २३ अंश सेल्सिअसच्या खाली ज्वलनबिंदू असलेले तेल ‘अ’ वर्गात मोडते. पेट्रोल त्याच वर्गातले. काढलेले पेट्रोल घरात साठवणे हा म्हणूनच केवळ गैरसोयीचा नव्हे, कायद्याचाही विषय आहे.

५/२६
आता मोटारीकडे. कार्ल बेंझ यांना त्यांच्या तीनचाकी गाडीचे पेटंट १८८६ मध्ये मिळाले. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत वीसलोख येथील औषधांच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन हे इंधन विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा टोपीला लावायच्या लांब पिनेने त्यांनी ती मोकळी केली. मोटारीच्या इतिहासातला पहिला लांबचा प्रवास सांगताना ही गोष्ट नेहमी येते. इंधनव्यवस्थेची मालकानेच केलेली दुरुस्ती ही मोटारीइतकीच जुनी आहे, हे त्यातून दिसते.

६/२६
त्या काळी पंपाची गरजच नव्हती. टाकी वर, इंजिन खाली. पेट्रोल आपोआप उतरे. ऑक्टोबर १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ची टाकी पुढच्या आसनाखाली होती. पेट्रोल भरायचे तर माणसांनी उठायचे, गादी उचलायची आणि किती उरले हे काठी बुडवून पाहायचे. टाकीत पेट्रोल कमी असताना चढ लागला की पुढचे इंजिन टाकीच्या पातळीपेक्षा वर जाई आणि पुरवठा थांबे. त्यावर चालकांनी शोधलेला उपाय प्रसिद्ध आहे : गाडी वळवायची आणि चढ उलट्या दिशेने, मागे मागे चढायचा!

७/२६
मॉडेल टी चालवणाऱ्या अमेरिकी शेतकऱ्याची ही युक्ती मराठी वाचकाला परकी वाटू नये. १९७२ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीतून बाहेर पडलेल्या बजाज चेतक स्कूटरवर एक पिढी वाढली. स्कूटर सुरू होत नसेल तर ती एका अंगावर कलती करायची, क्षणभर थांबायचे आणि पुन्हा किक मारायची, हे दृश्य प्रत्येक वाड्याच्या दारात दिसे. तिथेही पंप नव्हता. होती ती फक्त टाकी, तिची तोटी, एक नळी आणि गुरुत्वाकर्षण. त्या तोटीवरची ‘रिझर्व्ह’ची खूण हाच त्या काळचा इंधनमापक. तोटी बंद केली की पुरवठा बंद. दुरुस्तीची पूर्वतयारी तेवढीच.

८/२६
गुरुत्वाकर्षण फुकट होते, पण त्याची एक किंमत होती. टाकी उंच हवी, म्हणजे ती इंजिनाच्या आणि माणसांच्या जवळच असणार. १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’मध्ये टाकी थेट काचेखाली, प्रवाशांच्या पायांच्या वर होती. गाड्या बुटक्या आणि वेगवान होऊ लागल्या तशी ही मांडणी अडचणीची ठरली. टाकी मागे न्यायची तर ती खाली जाते. खाली गेली की पेट्रोल स्वतःहून वर चढत नाही. कोणीतरी ते ढकलले पाहिजे किंवा ओढले पाहिजे. पुढचा सारा इतिहास या दोन क्रियापदांत सामावला आहे.

९/२६
आधी ढकलून पाहिले गेले. रोल्स-रॉइसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’सारख्या गाड्यांत टाकी हवाबंद असे आणि हातपंपाने तिच्यात हवेचा दाब निर्माण करावा लागे. मग ओढण्याची पाळी आली. १९१० च्या दशकात इंजिनातल्या निर्वाताचाच उपयोग करणारी छोटी टाकी आली. ब्रिटनमध्ये ती ‘ऑटोव्हॅक’ म्हणून ओळखली गेली. इंजिन हवा ओढते, त्या ओढीने मागच्या टाकीतले पेट्रोल या छोट्या टाकीत येते आणि तेथून कार्ब्युरेटरमध्ये उतरते. अडचण अशी की लांब चढावर चालकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की नेमकी तेव्हाच ही ओढ क्षीण होई.

१०/२६
१९२० च्या दशकाच्या अखेरीस यावरचे उत्तर सर्वत्र पसरले : पडद्याचा यांत्रिक पंप, म्हणजेच डायफ्राम पंप. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा एका तरफेला हलवतो. तरफ लवचिक पडदा खाली ओढते आणि पेट्रोल आत येते. स्प्रिंग पडद्याला वर ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. दोन एकमार्गी झडपा त्याला परत फिरू देत नाहीत. अमेरिकेत ‘एसी’ या नावाने हे पंप विकले गेले. ही अक्षरे अल्बर्ट चॅम्पियन या उद्योजकाच्या नावाची आद्याक्षरे. १९३२ च्या फोर्ड व्ही-८ मध्ये टाकी मागे गेली आणि इंजिनावर असा पंप बसला.

११/२६
या पंपाची रचना विलक्षण समंजस होती. कार्ब्युरेटर भरला की त्याची सुई-झडप मिटे, दाब वाढे, पडदा खालीच थांबे आणि तरफ नुसतीच हले. दाब स्प्रिंगच्या ताकदीपलीकडे जातच नसे; तो असे ०.२ ते ०.४ बार, म्हणजे सायकलच्या चाकातल्या हवेहून कितीतरी कमी. शिवाय इंजिन थांबले की पंपही थांबे. अपघातात इंजिन बंद पडले तर पेट्रोलाचा पुरवठा आपोआप तुटे. या सुरक्षिततेसाठी वेगळे काही बसवावे लागले नव्हते. ती रचनेतच होती. पुढे विजेचा पंप आला तेव्हा नेमकी हीच गोष्ट हरवली.

१२/२६
घरी दुरुस्ती करणाऱ्यासाठी तो सुवर्णकाळ होता. दोन बोल्ट, दोन नळ्या, एक गॅस्केट. पडदा, झडपा आणि गॅस्केट यांचा संच बाजारात मिळे आणि बाकीचा पंप तोच राहे. नळी सोडवताना चमचा-दोन चमचे पेट्रोल सांडे. तरीही धोका होताच. पंप तापलेल्या इंजिनाला चिकटलेला असे, म्हणून इंजिन निवल्याशिवाय हात लावायचा नाही, हा पहिला नियम. दुसरा धोका छुपा होता. पडदा फाटला तर पेट्रोल इंजिनाच्या तेलात झिरपे. म्हणून जाणता मेकॅनिक तेलाची कांडी काढून आधी वास घेई. तेलाला पेट्रोलाचा वास आला तर पंपाबरोबर तेलही बदलायचे.

१३/२६
मुंबईच्या रस्त्यांवर या पंपाचा सर्वांत परिचित वाहक म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यात फियाट ११०० च्या धर्तीवर ती तयार होई. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिची शेवटची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने मे महिन्यात बोरघाट चढणाऱ्या गाड्यांचे एक दृश्य अनेक घरांतल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल : बॉनेट उघडलेले आणि पंपावर ओले फडके.

१४/२६
ते फडके म्हणजे चांगले विज्ञान होते. पंप पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब कमी होतो. दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. त्यात इंजिनाची धग आणि घाटातला संथ वेग. नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पंप द्रवाऐवजी वाफच ओढत राहतो आणि गाडी बंद पडते. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. ओल्या फडक्याने पंप थंड झाला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होई. थोडक्यात, ओढणाऱ्या पंपाचा दोष त्याच्या जागेत होता. उलट पेट्रोल मागून ढकलले तर नळीतला दाब वाढतो आणि ते सहसा उकळत नाही. पंपाची खरी जागा टाकीपाशी होती.

१५/२६
विजेचा पंप यासाठी सोयीचा. त्याला इंजिनाजवळ राहण्याची सक्ती नसते. ब्रिटिश ‘एसयू’ कंपनीचा विद्युत पंप १९३० च्या सुमारास प्रचारात आला. विद्युतचुंबक पडदा ओढतो, संपर्कबिंदू सुटतात, स्प्रिंग पडदा परतवते, संपर्क पुन्हा जुळतो. या प्रत्येक आवर्तनाला ‘टिक’ असा आवाज. १९४८ च्या मॉरिस मायनरच्या मालकांना तो आवाज ओळखीचा होता. परंतु आता पेट्रोल आणि विजेची ठिणगी एकाच यंत्रात शेजारी आली. दुरुस्तीच्या नियमांत एक नवी पहिली ओळ लिहिली गेली : आधी बॅटरी तोडा.

१६/२६
खरा पालट घडवला तो धुराने. कॅलिफोर्नियातल्या प्रदूषणामुळे अमेरिकेत उत्सर्जनाचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटरचा ढोबळ अंदाज पुरेनासा झाला. १९६७ मध्ये बॉशची ‘डी-जेट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. पेट्रोल आता ओघळणार नव्हते, मोजून फवारले जाणार होते. फवारणीसाठी दाब हवा : येथे सुमारे २ बार, नंतरच्या पद्धतींत ३ बार आणि त्याहून अधिक. मोटारीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते. म्हणजे पेट्रोलाची नळी आता टायरहून अधिक तणावात राहू लागली.

१७/२६
मग पंप टाकीतच का गेला? १९७० मध्ये बाजारात आलेल्या शेव्हरोले व्हेगासारख्या काही गाड्यांत तो कार्ब्युरेटर असतानाही टाकीत होता. फवारणी रूढ झाल्यावर हीच जागा सर्वमान्य ठरली. भोवतालचे पेट्रोल पंपाला थंड ठेवते, आवाज दबतो आणि ढकलण्याचे काम उगमापासूनच सुरू होते. ठिणग्या पाडणारी मोटार पेट्रोलात बुडवणे हे वेडेपणाचे वाटते. पण ३ ऱ्या भागातला आकडा आठवावा. बंद टाकीत पेट्रोलाची वाफ इतकी दाट असते की पेटायला पुरेसा प्राणवायूच उरत नाही.

१८/२६
यातच या इतिहासाचा कळीचा मुद्दा आहे. टाकी बंद असते तोवर तीच पंपाची सर्वांत सुरक्षित जागा असते. झाकण उघडले की हवा आत जाते, वाफ बाहेर येते आणि पेटण्यायोग्य प्रमाणाचा तो अरुंद पट्टा टाकीच्या तोंडाशी तयार होतो. अभियंत्यांनी रोजच्या प्रवासातला धोका कमी केला. उरलेला धोका दुरुस्तीच्या एका तासात एकवटला. यांत्रिक पंप बदलणाऱ्या आजोबांचा अनुभव म्हणूनच येथे पुरत नाही. त्यांच्या हातून सांडे ते दोन चमचे. येथे समोर उघडी टाकी असते.

१९/२६
भारतात हा बदल न्यायालयाच्या दारातून आला. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात नव्या मोटारींसाठी युरोपीय धर्तीचे उत्सर्जन निकष लागू करण्यास सांगितले. त्यानंतरच्या काही वर्षांत मोटारींतून कार्ब्युरेटर झपाट्याने गेला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले आणि बहुतेक नव्या पेट्रोल दुचाक्यांतही फवारणी व टाकीतला पंप आला. चेतक कलती करणाऱ्यांच्या नातवंडांच्या मोटरसायकलला आता तोटी नाही. तोटी बंद करून काम सुरू करण्याची जुनी सवय तेथे निरुपयोगी आहे.

२०/२६
आता नियम इतिहासाच्या उजेडात वाचता येतील. सर्वांत आधी निदान. चावी फिरवल्यावर साधारण दोन सेकंद मागून येणारी घरघर म्हणजे पंपाने भरलेला दाब. ती आली नाही तर पंपाआधी फ्यूज आणि रिले तपासावेत. निर्दोष पंप उगाच बदलण्यासाठी टाकी उघडणे म्हणजे विनाकारण धोका पत्करणे. मग जागा. वाफ जड असते, म्हणून तळघरातले पार्किंग वर्ज्य. उघडी, सपाट, वाऱ्याची जागा हवी. जवळ गॅस गिझर, शेगडी, उदबत्ती, विडी-सिगारेट काही नको. कोरड्या रासायनिक भुकटीचे अग्निशामक हाताशी हवे. पेट्रोलाच्या आगीवर पाणी टाकू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगत आग दूरवर नेते.

२१/२६
दाब उतरवणे ही दुसरी पायरी, आणि ती १९६७ नंतरच्या जगाची देणगी. इंजिन बंद झाले तरी नळीत दाब टिकून राहतो. ते मुद्दाम केलेले असते, म्हणजे गरम इंजिन पुन्हा चटकन सुरू व्हावे आणि व्हेपर लॉक होऊ नये. अशी नळी थेट सोडवली तर पेट्रोलाची चिळकांडी डोळ्यांत किंवा तप्त भागावर उडते. म्हणून पंपाचा फ्यूज वा रिले काढून इंजिन सुरू करतात आणि नळीतले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडू देतात. पंप पूर्ण मेला असेल आणि इंजिन सुरूच होत नसेल, तरी दाब उरलेला आहे असेच धरावे. मग गाडी निवू द्यावी. जोड सोडवताना त्याभोवती फडके धरावे. डोळ्यांना चष्मा, हातांना पेट्रोल सोसणारे मोजे.

२२/२६
तिसरी पायरी बॅटरीची. एसयू पंपाच्या काळातला नियम येथे दुप्पट लागू होतो, कारण विजेचा पंप इंजिन थांबल्यावर स्वतः थांबत नाही. त्यासाठी संगणक व रिले यांची योजना करावी लागली; काही कंपन्यांनी धक्क्याने तुटणारा वेगळा स्विचही बसवला. ऋण तार सोडवून बाजूला बांधली की पंप चुकून सुरू होण्याचा प्रश्न मिटतो. मात्र ही तार टाकी उघडण्याआधी सुटली पाहिजे, नंतर नाही. तार सोडतानाही ठिणगी पडते. उजेडासाठी तापणारा बल्ब नको, बंदिस्त एलईडी दिवा हवा. टाकीला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरची स्थिरविद्युत उतरवावी.

२३/२६
चौथी पायरी टाकी उघडण्याची. ती जवळजवळ रिकामी असताना हे काम ठरवावे. पेट्रोल काढायचेच तर हातपंपाने. नळी तोंडाने ओढण्याची चाल घातक आहे, कारण श्वासातून फुप्फुसांत गेलेले थोडे पेट्रोलही जीवघेणा दाह करते. अनेक मोटारींत मागच्या आसनाखाली झाकण असते. काहींत टाकीच खाली उतरवावी लागते आणि ते काम एकट्याचे नव्हे. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसावी. कडे फिरवताना लोखंडी छिन्नी-हातोडी वापरू नये. पंप तिरका करून, तरंगकाची काडी न वाकवता बाहेर काढावा आणि टाकीचे तोंड लगेच स्वच्छ फडक्याने झाकावे.

२४/२६
पाचवी पायरी मिटवण्याची. जुनी रबरी सील पेट्रोलात फुगलेली असते आणि पुन्हा नीट बसत नाही. तीच वापरली तर वाफेची गळती सुरू होते, आणि आसनाखाली झाकण असलेल्या गाडीत ती वाफ माणसे बसतात तेथेच साठते. म्हणून सील नवी आणि त्याच गाडीसाठी नेमलेली घ्यावी. जोड बसल्याची टिचकी ऐकावी. नंतर बॅटरी जोडून चावी दोन-तीन वेळा नुसती फिरवावी, इंजिन सुरू न करता. दाब भरला की प्रत्येक जोड पाहावा आणि वास घ्यावा. थेंब दिसला तर थांबावे. आसन सर्वांत शेवटी बसवावे. ओली फडकी उघड्यावर वाळवावीत. पेट्रोल गटारात ओतू नये.

२५/२६
हौसेची सीमा कोठे संपते हेही इतिहास सांगतो. १९९६ मध्ये मित्सुबिशीने सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणारे इंजिन आणले; १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये डिझेलची ‘कॉमन रेल’ पद्धत आली. या गाड्यांत इंजिनावर दुसरा, उच्च दाबाचा पंप असतो. पेट्रोलासाठी हा दाब शेकडो बार, डिझेलासाठी हजारांच्या घरात. इतक्या दाबाची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. हा दुसरा पंप घरी उघडण्याची वस्तू नव्हे. तेथे प्रशिक्षित माणूसच हवा.

२६/२६
वीसलोखच्या वाटेवरची पिन, चढावर उलटी जाणारी मॉडेल टी, कलती केलेली चेतक, घाटातले ओले फडके : प्रत्येक पिढीने आपल्या गाडीची इंधनव्यवस्था समजून घेतली आणि त्या समजेवर दुरुस्ती केली. यंत्र बदलले तेव्हा जुनी युक्ती निरुपयोगी झाली, कधी धोकादायकही. म्हणून पंप बदलायला बसणाऱ्याने हत्यारे मांडण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या गाडीत पेट्रोल ओघळते, ओढले जाते की ढकलले जाते? किती दाबाने? आणि इंजिन थांबल्यावर ते कशामुळे थांबते? तिन्हींची उत्तरे त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेवरून पडताळता आली, तर पाना हाती घ्यावा. एकाचेही उत्तर सापडले नाही, तर गाडी ओढून गॅरेजला न्यावी. तो खर्च आगीपेक्षा नेहमीच कमी असतो.